बल्ब म्हणजे शेवटचा खांब

दिवाळीच्या आधी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता, "आता वायफाय विसरा, घरातला बल्बच इंटरनेट देणार, एका सेकंदात १८ सिनेमे डाउनलोड" असा, खाली लायफाय (वायफायसारखंच, पण रेडिओऐवजी उजेडातून डेटा पाठवायची पद्धत) लिहिलेलं आणि झगमगणाऱ्या बल्बचा फोटो. अप्पा ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत, त्यांनी सरळ फोन लावला. "तू शिकलीयेस ना हे? मग मला एवढंच सांग, बल्बमधे नेट येतं कुठनं?"

अप्पा ३४ वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते, सातारा जिल्ह्यात, त्यातली बरीच वर्षं पाटणच्या बाजूला. आणि खरं सांगते, लायफायबद्दल मी इतकं वाचलंय, लोकांशी इतकं बोललेय, पण हा प्रश्न पहिल्या झटक्यात विचारणारे तेच. बाकी सगळे विचारतात स्पीड किती.

मी ईएनटीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगची. आमच्या वेळी शेवटच्या वर्षाला प्रत्येक वर्गात दोघातिघांचा तरी सेमिनार लायफायवर असायचाच, माझाही होता. तेव्हा एडिनबरा युनिव्हर्सिटीत असलेले प्रोफेसर हॅराल्ड हास, २०११ मधलं त्यांचं टेड टॉक, टेबलावर एक साधा दिसणारा लॅम्प, लॅम्पच्या उजेडातून व्हिडिओ जातोय आणि पडद्यावर चालू आहे, मधे हात घातला की व्हिडिओ थांबतो, हात काढला की परत चालू. लायफाय हे नावही त्यांनीच दिलं आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली, तीच आजची प्युअरलायफाय. तो हाताचा क्षण मी तेव्हा सेमिनारमधे सांगितला होता, पण स्वतःच्या हाताने केला नव्हता. ते या दिवाळीत झालं आणि म्हणूनच ही पोस्ट.

ताईचा सोहम नववीत आहे, त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी हवं होतं. तो, मी आणि अप्पा असे तिघं साताऱ्याच्या घरी माळ्यावरचं सामान काढून बसलो. लागलं काय तर एक वॅटचा पांढरा एलईडी, तीन सेलचा डबा, एक रेझिस्टर, अप्पांच्या बंद पडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, हेडफोनचं भोक असलेला जुना मोबाइल, आणि बागेतल्या सोलर दिव्याचं पॅनेल, पत्त्याच्या पानाएवढं. सेलवर एलईडी पेटवायचा, आणि मोबाइलमधून येणारा गाण्याचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून त्याच सर्किटमधे सोडायचा (ट्रान्सफॉर्मर मधे अशासाठी की सेलचा डीसी उलटा मोबाइलमधे जाऊ नये). झालं, पाठवणारी बाजू तयार. ऐकणारी बाजू तर त्याहून सोपी, पॅनेलच्या दोन वायरी स्पीकरच्या ऑक्स पिनला.

एलईडी बघितला तर नुसता पेटलेला, काही हलतंय असं डोळ्याला अजिबात वाटत नाही. पॅनेल त्याच्यासमोर धरलं आणि स्पीकरमधून गाणं आलं.

कुठेही वायर जोडलेली नाही, ब्लूटूथ नाही, काही नाही. सोहमने मधे हात घातला, गाणं गेलं. काढला, आलं. मग त्याने बोटं थोडी फाकवली तर आवाज बारीक. अप्पांनी पण घातला हात, आईला स्वयंपाकघरातून बोलावलं, तिनेही घातला. एक वीत अंतर होतं तोवर आवाज छान होता, मग अप्पांनी पेपर वाचायचं भिंग आणून एलईडीसमोर धरलं आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारा-तेरा फूट, गाणं गेलं. मला खरंच भरून आलं होतं. जी गोष्ट मी स्लाइडवर बाण काढून समजावली होती ती आमच्या हॉलमधे, रेडिओच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर वाजत होती.

आता आमचं ते साधं होतं, आवाज जसा वरखाली होतो तसा उजेड वरखाली, बस. लायफायमधे तोच उजेड आकडे घेऊन जातो, एलईडीचा प्रकाश एका सेकंदात लाखो करोडो वेळा कमीजास्त केला जातो आणि समोर सोलर पॅनेलऐवजी फोटोडायोड असतो जो तेवढ्या वेगाने ते टिपू शकतो. डोळा एवढ्या वेगाचं काही बघूच शकत नाही, त्याला दिवा शांत दिसतो. दिवा पूर्ण बंद-चालू होतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं पण वेगवान सिस्टिममधे तसं नसतं, उजेड एका पातळीवर राहतो आणि त्याच्यावर बारीक बारीक लाटा असतात, एकाच वेळी शेकडो वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या, प्रत्येक लाटेवर थोडा थोडा डेटा. वायफाय आणि फोरजी पण हीच युक्ती वापरतात.

आणि उजेडच का, तर जागा. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला २४० कोटी वेळा हलते. डोळ्याला दिसणारा उजेड साधारण चार ते आठ कोटी कोटी वेळा, कोटी दोनदा लिहिलंय ते चुकून नाही. म्हणजे रेडिओवाले ज्या पट्ट्यासाठी भांडतात, लिलाव करतात, त्याच्या हजारपटीहून जास्त मोठा पट्टा नुसता उजेडाचा आहे आणि त्याचं लायसन कोणाला लागत नाही. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमधे फोनवर वायफाय शोधलं तर तीसेक नावं येतात, सगळे एकाच गल्लीत उभं राहून ओरडत असल्यासारखे, म्हणून रात्री नऊनंतर सगळ्यांचंच रडगाणं. उजेडाला तो त्रास नाही, शेजारच्याचा दिवा माझ्या खोलीत येत नाही.

सोहमला मी त्या रात्री बेलची गोष्ट सांगितली, ती मला फार आवडते. टेलिफोनवाला ग्रॅहम बेल, त्याने १८८० मधे वॉशिंग्टनमधे त्याचा सहकारी चार्ल्स टेंटर याच्याबरोबर फोटोफोन बनवला. पातळ आरशाच्या मागे बोलायचं, आवाजाने आरसा थरथरणार, आरशावर पडलेलं ऊन थरथरत पलीकडे जाणार, पलीकडे सेलेनियमचा तुकडा, त्याच्यावर उजेड कमीजास्त पडला की करंट कमीजास्त, आणि तो टेलिफोनच्या रिसीव्हरमधे. फ्रँकलिन स्कूलच्या गच्चीवर टेंटर उभा, २१३ मीटरवर बेलची लॅबोरेटरी, आणि टेंटर आरशात म्हणाला की मिस्टर बेल, मी बोलतोय ते ऐकू येत असेल तर खिडकीत येऊन टोपी हलवा. बेलने हलवली. उजेडावर बिनतारी बोलणं, रेडिओच्या कितीतरी आधी! बेल याला टेलिफोनपेक्षा मोठा शोध मानायचा, इतका की तेव्हा जन्मलेल्या मुलीचं नाव फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं, बायकोने ते होऊ दिलं नाही.

मग ते मागे का पडलं? ढग आले की बोलणं बंद. सूर्य हा काही आपल्या बटणावर चालणारा दिवा नाही. स्वस्त, जोरदार, विजेच्या बरोबरीने वेगात कमीजास्त होणारा दिवा मिळायला एलईडी यावे लागले, आणि पांढरा एलईडी यायला आधी निळा यावा लागला, ज्याच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा बल्ब आतून निळाच असतो, चिपवर पिवळ्या फॉस्फरचा (निळा उजेड पडला की पिवळी चमकणारी पूड) लेप असतो, निळा आणि पिवळा मिळून पांढरा दिसतो. आणि इथेच गोम आहे. निळी चिप पटकन विझते पण फॉस्फर मागे रेंगाळतो, विझायला वेळ घेतो, वेळ म्हणजे सेकंदाचा अगदी बारीक तुकडा पण डेटाच्या हिशोबात तो फार मोठा. म्हणून रिसीव्हरवर निळी काच लावून पिवळा उजेड गाळून टाकतात आणि फक्त निळा ऐकतात. केवढी साधी आयडिया, मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आता फॉरवर्डमधले १८ सिनेमे. हा आकडा हवेतला नाही, पण बल्बचा पण नाही. २०१५ च्या सुमाराला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी खोलीच्या अंतरात उजेडावरून २२४ गिगाबिट पर सेकंद पाठवून दाखवले. आठाने भागा, २८ जीबी, दीड जीबीचा एक सिनेमा धरला तर साधारण अठरा. पण ते होतं लेझरचं काम, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, फायबरमधून खोलीत सोडलेला आणि रिसीव्हरवर नेमका वळवलेला किरण. तो आकडा कोणीतरी उचलला, शेजारी बल्बचा फोटो लावला, आणि दहा वर्षं तोच फिरतोय. मला याचा राग येतो, कारण ऑक्सफर्डचं काम आपल्या जागी जबरदस्त आहे आणि बल्बचं काम आपल्या जागी, दोन्हीची खिचडी केली की शेवटी लोक म्हणतात हे सगळं खोटंच आहे.

तर अप्पांचा प्रश्न, बल्बमधे नेट येतं कुठनं.

बल्ब नेट तयार करत नाही. लायफायच्या प्रत्येक दिव्यापर्यंत डेटा आणावाच लागतो, छतातून इथरनेटची केबल ओढून नाहीतर घरातल्या विजेच्या वायरीवरूनच डेटा पाठवून. दिव्याच्या आत डेटाप्रमाणे करंट हलवणारं सर्किट लागतं, आणि आपल्याकडे उजाला योजनेत २०१५ पासून जे ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले त्यांच्यात तसलं काही नाही, ते उजेड द्यायला बनवलेत आणि ते काम उत्तम करतात. परत फोनकडून दिव्याकडे जाणारा रस्ता वेगळा, कारण फोनमधून सारखा टॉर्च मारत कोण बसेल, म्हणून परतीला बहुतेक ठिकाणी इन्फ्रारेड वापरतात, टीव्हीच्या रिमोटसारखा. मी हे सगळं सांगत होते, अप्पा पान जुळवत होते, आणि एकदम म्हणाले,

"म्हणजे बल्ब हा शेवटचा खांब."

"म्हणजे?"

"अगं एक्सचेंजपासून गावापर्यंत केबल येते, गावात खांब, आणि शेवटच्या खांबापासून घरापर्यंत ड्रॉप वायर. फोन द्यायचा म्हणजे लोकांना वाटायचं ती ड्रॉप वायर ओढली की झालं. अर्ज करायचे, अहो आमच्या दारासमोर खांब आहे, द्या की जोडून. खांबावर तारांची जोडीच शिल्लक नसायची. खांब असून काय उपयोग, मागनं काही आलं पाहिजे ना."

इतक्या कमी शब्दात मला हे सांगता आलं नसतं. लायफाय म्हणजे शेवटच्या खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप वायर, दोन-तीन मीटरची, उजेडाची. ती कितीही वेगवान असू दे, खांबापर्यंत फायबर आलंच नसेल तर पाटणच्या वरच्या वाड्यांमधे एकाही घरात बल्ब लावून नेट येणार नाही. खेड्यांना बल्बमधून इंटरनेट मिळणार असं जेव्हा बातमीत छापतात तेव्हा मागच्या त्या सगळ्या खांबांबद्दल एक ओळ तरी लिहा असं मला मनापासून वाटतं.

पण उजेड खांबापर्यंतचंही काम करू शकतो, हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते सरसावून बसले. आफ्रिकेत काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल आणि दुसऱ्या काठावर किन्शासा, दोन देशांच्या राजधान्या समोरासमोर, पण मधे एवढी मोठी नदी की फायबर ४०० किलोमीटरचा वळसा घालून न्यावं लागायचं. गूगलची मालक कंपनी अल्फाबेटच्या टारा नावाच्या प्रोजेक्टने २०२१ मधे दोन्ही काठांवर उंच ठिकाणी यंत्रं बसवून पाच किलोमीटरला थोडं कमी अंतर इन्फ्रारेड किरणाने जोडलं, २० दिवसांत ७०० टेराबाइटच्या आसपास डेटा गेला. अप्पांनी कोयनेच्या पुरात पलीकडच्या काठाची लाइन तुटल्यावर काय हाल व्हायचे ते बघितलंय. त्यांचा पुढचा प्रश्न लगेच, "धुक्यात काय करतात?" परत बरोबर प्रश्न! धुक्यात किरण विखुरतो आणि लिंक कमजोर होते, हाच या पद्धतीचा मोठा शत्रू. पाटणच्या वर पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, तिथे एकट्या उजेडावर भरवसा ठेवता येणार नाही.

आता भिंत. वायफायवाले म्हणतात लायफाय भिंतीपलीकडे जात नाही म्हणून बाद. मी उलटं म्हणेन, भिंतीला थांबतो म्हणूनच तो हवा. बँकेच्या, लष्कराच्या खोलीतलं बोलणं रस्त्यावर गाडीत बसून कोणी पकडू शकत नाही, अमेरिकेच्या लष्कराने युरोपात २०२१ मधे प्युअरलायफायची सिस्टिम घेतली ती यासाठीच. हॉस्पिटलमधे एमआरआयच्या खोलीत रेडिओ नको असतो. पाण्याखाली तर रेडिओ समुद्राच्या खारट पाण्यात लगेच मरतो, निळा-हिरवा उजेड त्याच्या मानाने लांब जातो. विमानात पण करून बघितलंय, एअर फ्रान्सने २०१९ मधे पॅरिस-तुलूझ फ्लाइटमधे लायफायवर एका व्हिडिओ गेमच्या स्पर्धेची फायनल घेतली होती. मात्र खिडकीची काच विसरू नका हं. आम्ही बेडरूमचा काचेचा सरकता दरवाजा बंद करून बघितला, गाणं चालूच, पडदा ओढला तेव्हा थांबलं. म्हणजे "भिंतीआड सुरक्षित" हे पडद्यासकट वाचायचं.

आणखी एक गोष्ट जी बल्बवाल्या बातम्या सांगत नाहीत. दिसणाऱ्या उजेडासाठी आयट्रिपलईचं (वायफायचे नियम ठरवणारी इंजिनिअरांची संस्था) एक स्टँडर्ड २०११ लाच आलं होतं, ८०२.१५.७. पण वायफायच्या कुटुंबात लायफायला खरी जागा मिळाली ती २०२३ मधे, ८०२.११बीबी नावाने, आणि त्यात उजेड आहे ८०० ते १००० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. दिव्याशी संबंध जवळजवळ तुटलाच. मला आधी वाईट वाटलं, कारण माझं प्रेम त्या लॅम्पवर होतं, पण विचार केला तर बरोबर आहे, दुपारी कोणी नेटसाठी दिवा लावून बसणार नाही, आणि रात्री झोपताना दिवा बंद केला तर नेट जायला नको. दिवा आणि नेट वेगळे केले हा शहाणपणा आहे असं माझं मत. सोहमला ते पटलेलं नाही, तो म्हणतो मावशी मग मजाच गेली.

प्रदर्शनाच्या आधी एक अडचण आली. सोहमला सामान गॅलरीत मांडून बघायचं होतं, सकाळी दहाचं ऊन, आणि गाणं येईचना. एलईडी पेटलेला, वायरी ठीक, स्पीकर ठीक. तो रडकुंडीला आला. कारण होतं ऊन. पॅनेलवर आधीच एवढा उजेड की ते भरून गेलं होतं, त्यात एलईडीची बारीक थरथर कुठे कळणार, भरलेल्या घागरीत थेंब टाकल्यासारखं. वहीच्या पुठ्ठ्याची काळी नळी करून पॅनेलवर बसवली, एलईडीकडे तोंड करून, तेव्हा गाणं परत आलं. खऱ्या लायफायमधे पण हेच करतात, फिल्टर लावतात, आणि ऊन मुळात स्थिर असल्यामुळे ते वजा करून टाकता येतं, फक्त रिसीव्हरच ठार भरून जाऊ नये एवढं बघायचं.

पण त्यानंतर अप्पांनी जे केलं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. नळी काढून त्यांनी पॅनेल हातात घेतलं, स्पीकर काखेत, आणि घरातले दिवे ऐकत फिरले. हॉलच्या जुन्या ट्यूबलाइटखाली जाड घुंऽऽ असा आवाज, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. बाथरूमच्या स्वस्तातल्या एलईडी बल्बखाली तसाच आवाज पण कर्कश. नवीन बल्बखाली जवळजवळ काही नाही, "याचं आतलं काम चांगलंय" म्हणाले. टीव्हीचा रिमोट पॅनेलवर दाबला, ट्रर्र ट्रर्र, उजेड दिसत नाही पण आवाज आहे. आकाशकंदिलातली रंग बदलणारी माळ तर पक्ष्यासारखी चिवचिवली. देवघरात समईसमोर धरलं तर शांत, आई जवळून गेली आणि ज्योत हलली तेव्हा स्पीकरमधे हलकी खरखर झाली, तेवढीच.

शेवटी गॅलरीत उन्हात धरलं. काहीच आवाज नाही, अगदी नाही.

"सूर्य वाजत नाही," सोहम म्हणाला.

अप्पांनी खिशातला कंगवा काढला आणि पॅनेलवरून सरकन फिरवला, दातांच्या सावल्या सळसळत गेल्या आणि स्पीकरमधून चर्रर्र असा सूर निघाला. हळू फिरवला की जाड, जोरात फिरवला की बारीक. नातू म्हणाला आजोबा मला द्या, आणि मग दोघं बराच वेळ उन्हात बसून कंगवा वाजवत होते.